नर्मदा परिक्रमेतील छायाचित्रे जपताना या चुका टाळा

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघालेला पायी परिक्रमावासी साधारणपणे चार ते सहा महिन्यांनी परत ओंकारेश्वरी पोहोचतो. या काळात रोज तीस-पस्तीस छायाचित्रे काढली, तरी त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास जाते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती सर्व एकाच मोबाइलमध्ये असतात. वाटेतील शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलात, ज्या घराने रात्रीचा आसरा आणि भाकरी दिली, त्या घरातील माणसांचे छायाचित्र हरवले तर ते पुन्हा काढण्यासाठी कोणी मागे फिरू शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच एक गोष्ट पक्की करावी: प्रत्येक छायाचित्राच्या निदान दोन प्रती असाव्यात आणि त्या एकाच अपघातात नष्ट होणार नाहीत अशा ठिकाणी असाव्यात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे प्रचलित झालेला 3-2-1 हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दूरच्या जागी, याच विचारावर उभा आहे. पुढील बहुतेक चुका हा विचार विसरल्यामुळेच होतात.

क्लाउडवर चढले असेलच, असे गृहीत धरणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तिची कारणेही अनेक आहेत. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील जागेत, छायाचित्रे साठवणाऱ्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू केलेला असला, तरी मोबाइल डेटावर अपलोड करण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते; ती दिली नसेल तर ॲप वायफायची वाट पाहत राहते, आणि परिक्रमेच्या मार्गावर वायफाय क्वचितच मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी नेटवर्कच नसते. शिवाय पॉवर बँक वाचवण्यासाठी आपण बॅटरी सेव्हर लावतो आणि त्यामुळे मागे चालू असलेले अपलोड थांबते.

जागेचा हिशेबही घरीच करावा. 1 जून 2021 पासून गूगल फोटोजवर चढवलेली छायाचित्रे खात्याच्या मोफत 15 जीबीत मोजली जातात, आणि त्याच जागेत जीमेल व ड्राइव्हही बसलेले असतात. एक छायाचित्र 4 एमबीचे धरले, तर पाच हजार छायाचित्रांना 20 जीबी लागतात. म्हणजे मोफत जागा वाटेतच संपते आणि बॅकअप बंद पडतो. त्यात व्हिडिओ आले की गणित आणखी बिघडते, कारण 4के दर्जाच्या एका मिनिटाला साधारण 170 ते 350 एमबी लागतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकवर असे पाच मिनिटांचे चित्रीकरण चढवणे अवघडच. त्यामुळे निघण्यापूर्वी जागा विकत घ्यावी, व्हिडिओ 1080पी या कमी दर्जावर ठेवावा आणि महेश्वर, नेमावर किंवा जबलपूरसारख्या ठिकाणी मुक्काम असेल त्या रात्री ॲप उघडून बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

मोबाइलमधून काढले तरी क्लाउडवर राहील, असे समजणे

क्लाउडची ही सेवा मोबाइल आणि खाते यांना एकसारखे ठेवते. गूगल फोटोजच्या ॲपमधून छायाचित्र काढून टाकले की ते खात्यातूनही निघते, आणि आयफोनवर आयक्लाउड फोटोज सुरू असेल तर तेथेही हेच घडते. गूगलच्या कचरापेटीत बॅकअप झालेले छायाचित्र 60 दिवस राहते. आयफोनवर ही मुदत 30 दिवसांची आहे. परिक्रमेच्या पहिल्या महिन्यात झालेली चूक घरी परतल्यावर लक्षात आली, तर दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेलेल्या असतात. जागा हवी असेल तर गूगल फोटोजमधील ‘जागा मोकळी करा’ हाच पर्याय वापरावा, कारण तो बॅकअप झालेल्या छायाचित्रांची केवळ मोबाइलमधील प्रत काढतो. मात्र त्यापूर्वी पेनड्राइव्हवर प्रत घेतलेली असावी, कारण त्यानंतर मूळ फाइल इंटरनेटवरून उतरवूनच मिळते.

माझ्या मते यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय घरात आहे. मुलगी, भाऊ किंवा विश्वासातील कोणीतरी दर पंधरा दिवसांनी आपल्या खात्यातील नवी छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून ठेवावीत. मग खात्यात काहीही झाले, तरी ती प्रत शाबूत राहते.

सर्व प्रती एकाच झोळीत ठेवणे

पाठीवरच्या ओझ्यातून एकेक वस्तू कमी करत चालणाऱ्यालाही काही ग्रॅमचा ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे थेट मोबाइलला जोडता येणारा पेनड्राइव्ह, जड होत नाही, आणि नेटवर्क नसलेल्या भागात तोच खरा आधार असतो. परंतु तो मोबाइलच्याच कप्प्यात ठेवला तर दुसरी प्रत नावापुरतीच उरते. नर्मदा समुद्राला मिळते तेथे विमलेश्वराहून पलीकडच्या तीरावरील मिठीतलाईकडे जाताना खाडीतून नावेने जावे लागते. तेथे झोळी भिजली किंवा पाण्यात पडली, तर दोन्ही एकदमच जातात. पेनड्राइव्ह झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून अंगावरच्या खिशात किंवा कमरेच्या पाकिटात ठेवावा. दोन पेनड्राइव्ह असतील तर त्यांतील एक भरल्यावर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने घरी पाठवावा, आणि तो घरी उघडून पाहिल्याचा फोन येईपर्यंत मोबाइलमधील काहीही काढू नये.

प्रत घेताना ‘कट’ऐवजी ‘कॉपी’ करावे, बॅटरी अगदी उतरलेली असताना हे काम सुरू करू नये, पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा आणि नंतर चार-पाच छायाचित्रे व एखादा व्हिडिओ त्यावरून उघडून पाहावा. बाजारात बनावट कार्डे आणि पेनड्राइव्ह असतात; ते 256 जीबी दाखवतात, पण प्रत्यक्षात कितीतरी कमी माहिती साठवतात आणि उरलेली काही न सांगता गमावतात. घरीच संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण क्षमता तपासावी. कॅमेरा वापरणाऱ्यांनी सायबर कॅफेच्या संगणकात एसडी कार्ड घालण्यापूर्वी त्याच्या कडेची लॉकची पट्टी सरकवावी, म्हणजे तेथील व्हायरस कार्डावर उतरण्याचा धोका टळतो.

घरच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपने पाठवलेली छायाचित्रे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण ती आकाराने लहान केली जातात. मोजकी छायाचित्रे मूळ दर्जात पाठवायची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत.

अडचण आल्यावर घाई करणे

कार्ड किंवा पेनड्राइव्ह वाचता येत नाही म्हणून मोबाइल ‘फॉरमॅट’ करण्यास सांगतो, तेव्हा होकार देऊ नये. दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर तपासून पाहावे. कार्डावरील छायाचित्रे चुकून पुसली गेली, तर त्यावर नवे काहीही साठवू नये आणि कार्ड बाजूला काढून ठेवावे. फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पुष्कळदा परत मिळतात. मात्र परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर ठेवू नयेत.

मोबाइल भिजल्यास तो बंद करावा, सिम काढावे आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. तो तांदळात पुरून ठेवू नये. दाण्यांचा भुगा छिद्रांत जाऊन नुकसानच होते.

मोबाइलच हरवला तर क्लाउडवरील छायाचित्रांपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा ओटीपीही त्याच हरवलेल्या सिमवर येतो. नवे सिम मिळाले तरी सुरुवातीचे 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात. गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू असेल, तर एकेकदाच वापरता येणारे दहा बॅकअप कोड तेथेच मिळतात. निघण्यापूर्वी ते कागदावर उतरवून एक प्रत परिक्रमेच्या वहीत आणि दुसरी घरी ठेवली, तर एखाद्या आश्रमात कोणाच्याही मोबाइलवरून खाते उघडून छायाचित्रे जागेवर असल्याची खात्री करता येते. पाहून झाल्यावर त्या मोबाइलमधून आपले खाते आठवणीने काढून टाकावे.