पावसाळ्यानंतर फोर बाय फोरचं डिफरेन्शियल ऑइल

साताऱ्याहून कास-बामणोलीकडे पावसाळाभर फिरलेल्या गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलचं (इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलमधून दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी. कारण, चिखलाने बुजलेला ब्रीदर, म्हणजे त्यातली हवा आत-बाहेर जायची बारीक वाट. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून आधी ब्रीदर साफ केला, मग ऑइलला हात लावला.

गाडी थोडी फिरवून सपाट जागी लावली. फिलर बोल्ट (ऑइल भरायच्या भोकाचा) आधी सोडवायचा, हे पक्कं लक्षात ठेवा. तो जाम निघाला आणि जुनं ऑइल आधीच काढलेलं असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या भोकाचा) चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणारच; गिअरच्या दाताचा तुकडा दिसला तर मात्र डिफरेन्शियल उघडायलाच हवा. नवे वॉशर टाकून ८०डब्ल्यू-९० घट्टपणाचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल फिलरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं, दोन लिटरच्या आसपास.

ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) अंदाजाने काही ओतू नका. काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना गिअर ऑइल; मॅन्युअल बघूनच घ्या. थोडे दिवस चालवून ऑइल पुन्हा तपासा, दुधी दिसलं तर परत बदला.