गावात वाचन मोहीम काढताय? आधी वाचनालयाचं रजिस्टर बघा

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, कलामांच्या फोटोला हार, ग्रुपवर फोटो, आणि १६ तारखेला वाचनालयाला परत कुलूप. म्हणून म्हणतो, तारीख नंतर ठरवा, आधी ग्रंथपालांकडं चहाला जाऊन बसा आणि देवघेवीचं रजिस्टर मागा.

मागच्या सहा महिन्यांत काय बाहेर गेलं ते बघायचं. आमच्याकडं बघितलं तर रहस्यकथा, पाककृती आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं फिरत होती, बाकी कपाटांच्या काचेवर धूळ. लोक वाचत नाहीत म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे रजिस्टर एकदा चाळावंच.

मग पेटी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'त पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात, तेच आपण लहान करायचं. एक पत्र्याची ट्रंक, २५ पुस्तकं, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली, एक वही आणि दोरीनं बांधलेलं पेन (नाही बांधलं तर संध्याकाळपर्यंत गायब, अनुभव आहे). आम्ही पहिली पेटी देवळात ठेवली ती चूक, कुणी हातच लावेना, मग पिठाच्या गिरणीत ठेवली तर दळण होईपर्यंत बायका चाळायला लागल्या आणि आठवड्यात नऊ पुस्तकं घरी गेली. महिन्यानं दोन गल्ल्यांच्या पेट्या बदलायच्या, नाहीतर तीच पुस्तकं बघून लोक कंटाळतात.

आता खरी अडचण. ग्रंथपाल पुस्तक बाहेर सोडायला घाबरतात आणि त्यांचं चुकत नाही, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला मान्यता, अ ब क ड असा वर्ग, त्यावर अनुदान, आणि तपासणीत दाखल नोंदीतलं पुस्तक सापडलं नाही की उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. त्यामुळं पेटीत वाचनालयाची पुस्तकं घालूच नका. लोकांकडून जुनी मागून घ्या, त्यांची वेगळी वही करा, आणि कार्यकारिणीच्या मिटिंगमधे तसा ठराव लिहून घ्या. पाचसहा हरवणार हे धरूनच चला, हरवलेलं पण कुणीतरी वाचतच असतं.

पेटीतलं संपवून कुणी अजून मागितलं की त्याला वाचनालयात घेऊन या, अनामत भरायला लावा, मेंबर करा. फक्त वेळ बघा, शेतावरून माणूस सातला येतो आणि वाचनालय सहाला बंद होत असेल तर पेट्या फिरवून काय उपयोग? आम्ही आठवड्यातून दोन दिवस साडेआठपर्यंत उघडं ठेवतो, किल्ली आळीपाळीनं कॉलेजच्या पोरांकडं.