घाटात पिकअपचा ब्रेक गेला? आधी या चुका बघा

मागच्या कांद्याच्या सीझनला तुळजापूरकडून माल भरून सोलापूर मार्केट यार्डला येत होतो, अर्धा घाट उतरलो आणि पॅडल एकदम मऊ पडलं, पाय ठेवला की डायरेक्ट खालीच. दोन-तीनदा पंप मारला, गिअर उतरवत दुसऱ्यात आणली, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि कशीबशी साईडला लावली. पुढच्या चाकांतून जळका वास नुसता. आणि गंमत बघा, अर्ध्या तासाने पॅडल परत टाईट! मी पण येड्यासारखा "चला, झालं नीट" म्हणून निघालो.

जवळच्या फिटरने ब्रेकच्या पाईपमधली हवा (एअर) काढून दिली. आठ दिवसांनी त्याच घाटात परत तेच.

मग हैदराबाद रोडला एक जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी ब्रेकला हात लावायच्या आधी विचारलं, "मालक, पाटे वाढवलेत काय?" म्हटलं हो अण्णा, मागच्या स्प्रिंगला दोन पाटे जास्त टाकलेत, माल झेपायला सगळेच टाकतात की. त्यांनी गाडीखाली बोलावून मागच्या एक्सलच्या हौसिंगपासून चेसीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) व्हॉल्वला गेलेली एक बारीक दांडी दाखवली. बऱ्याच पिकअपला ही असते. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व मागच्या चाकांना जास्त प्रेशर सोडतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही, मग व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचे ब्रेक निम्मेच लागतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर. दोन टन माल घाटात पुढच्या दोन चाकांनी धरायचा म्हटल्यावर ती तापणारच ना. काही जण तर ही दांडी तारेने वर बांधून टाकतात, ते अजून वाईट, कारण मग रिकाम्या गाडीचा पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी.

दुसरी चूक माझीच, ऑईल. लेव्हल कमी झाली की वरून ओतायचं, बदलायचं कधीच नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ (ब्रेक ऑईलचा ग्रेड) नवीन असताना कमीत कमी २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण पाणी मुरलं की १४० च्या आसपासच उकळू शकतं (डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५). उकळलं की पाईपमध्ये वाफ होते, वाफ दबते, म्हणून पॅडल खाली जातं, आणि गार झालं की परत वर. म्हणजे "आपोआप नीट झालं" हीच खरी खूण. दोन वर्षांनी सगळं ऑईल बदला, आणि ब्रेक ऑईलच्या डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाका. कुणी इंजिन ऑईल ओतलं तर सगळे रबर फुगून बाद.

पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा ऑईलच्या मागे लागू नका. लायनर-पॅडची (ड्रमला आणि डिस्कला घासणारे भाग) तापून पकड गेलीय किंवा बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम मिळत नाही. इंजिन बंद करून चार-पाचदा पॅडल मारा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. सिग्नलला उभं असताना पॅडल हळूहळू बसत जातंय तर मास्टर सिलेंडरचं (पॅडल दाबलं की ऑईल ढकलणारा पंप) रबर किट गेलंय. एका बाजूला ओढते तर ड्रम उघडून बघा, व्हील सिलेंडर (चाकातलं लायनर ढकलणारा) नाहीतर एक्सलचं ऑईल सील गळून लायनर भिजलेलं असतं, आणि भिजलेलं लायनर घासून परत बसवू नका, बदला.

तापलेल्या चाकावर पाणी तर मारूच नका, आपल्याकडे ही फार सवय आहे. डिस्क वाकडी होते, ड्रमला चीर जाते.

मी एक पाटा काढला, दांडी सेट करून घेतली, आता पिशव्या पण कमी भरतो. भाऊ म्हणतो परवडत नाही, त्याला म्हटलं एकदा तू चल घाटातून.

आणि हो, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजून आहेत. चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरात उतरा. ब्रेक गेलाच तर चावी बंद करू नका, बूस्टर जातो, स्टेअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉकच.