झडीतही पेटणारी आगकाडी घरीच कशी करावी

झड लागली की घरातलं मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात आणि आगपेटीची तर वाटच लागते. वावरात जागलीला जाणारे असोत, मेळघाटात पायी भटकणारे असोत की लाइन गेल्यावर अंधारात मेणबत्ती चाचपडणारे, कोरडी काडी सगळ्यांनाच लागते. लायटरचा भरवसा नको. त्याचा दगड भिजला की नुसती खरखर.

हे काम मे महिन्यात उरकून घ्या. मृग लागल्यावर काड्यांत ओल शिरते, आणि वरून मेण चढवलं की ती आतच कोंडते. काड्या लाकडाच्याच घ्या, मेणकागदाच्या ओढताना वाकतात. तासभर उन्हात पसरून ठेवा.

साध्या पांढऱ्या मेणबत्तीचे तुकडे करा, वात काढा आणि जुन्या डब्यात टाका. डबा थेट चुलीवर ठेवायचा नाही. गंजात पाणी तापवून त्यात तो बसवा. मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं आणि उकळतं पाणी १०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे मेण भडकत नाही. ते पातळ झालं की गंज खाली उतरवून विस्तवापासून दूर न्या, मगच काड्या हातात घ्या. लेकरं जवळ नकोत. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, वर ताट झाका.

काडी गुलासकट अर्धी बुडवा, लगेच काढा, हलकेच झटका आणि वाळूच्या वाटीत उभी खोचा. थरातून गुलाचा रंग दिसला पाहिजे. शेंडा पांढरा पडला तर मेण गार झालंय. डबा पुन्हा गरम पाण्यात ठेवा. पहिला थर घट्ट झाल्यावर एकदा आणखी बुडवा. एक काडी तासभर पाण्यात टाकून, पुसून, पेटवून पाहा.

खरी गोम पुढे आहे. आपली नेहमीची काडी कुठेही घासून पेटत नाही. गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि पेटीच्या कडेच्या पट्टीत लाल फॉस्फरस. दोघांची गाठ पडली तरच जाळ. काड्या कितीही जपा, पट्टी भिजली की सगळं मुसळ केरात. तिला मेण लावायचं नाही. दोन पट्ट्या कापून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या औषधाच्या डबीत काड्यांसोबतच ठेवा. पिशवी हवीच, कारण पट्टी गुलांना घासता कामा नये.

पेटवण्याआधी शेंड्यावरचं मेण नखाने खरवडा, नाहीतर पट्टी बुळबुळीत होते आणि पुढच्या काड्या वाया जातात.

डब्यात मेण उरतंच. त्यात घरच्या कापसाचे बोळे बुडवा, पण एक टोक कोरडं राहू द्या. पऱ्हाट्या-तुराट्या दमट असल्या की एका काडीचा जाळ त्यांना पुरत नाही. कोरडं टोक पिंजून पेटवलं की बोळा काही मिनिटं जळत राहतो, तेवढ्यात बारीक काटक्या धरतात.