ल्युकेमियाच्या केमोला अॅडमिट होताय? बॅग राहू दे, आधी डोनरची यादी

मावसबहिणीच्या नवऱ्याला एएमएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय आणि ती काल फोनवर मला विचारत होती की थर्मास केवढा घेऊ. ताई, थर्मास कुठलाही घे. माझ्या दादाच्या केमोच्या वेळी वहिनीने बॅग इतकी व्यवस्थित भरली होती की नेलकटरसुद्धा होतं (सिस्टरने पहिल्याच दिवशी काढून ठेवायला लावलं, प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असताना नखं कापायची नसतात), आणि प्लेटलेट द्यायला कोण येणार हा विचार मात्र घरात एकाच्याही डोक्यात नव्हता. माझ्याही नाही. म्हणून हे लिहितोय, दाजींसाठी आणि ज्याला लागेल त्याच्यासाठी.

कपडे, टॉवेल, चार्जर, फाइल, आधार हे सगळे घेतातच. पुढे बटणं असलेले शर्ट घ्या, हाताला पिक लाइन (औषधासाठी दंडाच्या शिरेत ठेवलेली नळी) असली की टीशर्ट डोक्यातून काढताना वैताग येतो. झालं कपड्यांचं.

आता डोनर. एएमएलची पहिली केमो बहुतेक ठिकाणी सेव्हन प्लस थ्री असते, सायटाराबीन सात दिवस आणि त्यातले तीन दिवस ते लाल औषध, डॉनोरुबिसिन (नंतर लघवी लालसर होते, घाबरून बोंबलायचं नाही). सगळ्यांना वाटतं सात दिवस झाले की सुटलो. उलट आहे. केमो संपल्यावर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, खाली जातात आणि वर यायला महिन्याच्या आसपास लागतो, तेवढे दिवस पेशंटचं शरीर स्वतः प्लेटलेट बनवतच नाही. आपल्याला दीड लाखाच्या वर असतात, तिथे १०,००० च्या खाली गेल्या की काही रक्तबिक्त आलं नसलं तरी चढवतात, ताप असेल तर त्याच्याही आधी. एक एसडीपीची पिशवी, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर काढलेली, साधारण ३०-५० हजारांनी काउंट वाढवते, आणि दोन-तीन दिवसांत परत खाली. परत पिशवी. परत डोनर.

आणि आधीच गोळा करून ठेवू म्हणाल तर ते होत नाही. प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ डिग्रीला मशीनवर सतत हलत्या ठेवतात आणि पाच दिवसांत त्या संपतात. म्हणजे साठा पिशव्यांचा नाही, माणसांचा करायचा. अॅडमिट व्हायच्या आधी. पुन्हा सांगतो, आधी. रात्री अकराला रेसिडेंट डॉक्टर येऊन म्हणतो उद्या एसडीपी लागेल, डोनर बघा, आणि तेव्हा तुम्ही फोन काढून स्टेटस टाकता, ही वेळ यायला नको.

व्हॉट्सअॅपचा तो 'अर्जंट बी पॉझिटिव्ह' मेसेज काही कामाचा नाही. आमचा सोलापूरपासून नागपूरपर्यंत फिरला, धडाधड फोन आले, प्रत्येक जण म्हणायचा लागलं तर सांगा, आणि लागल्यावर कुणी गावाला तर कुणी मीटिंगमध्ये. वर तोच मेसेज पुढे सहा महिने फिरत राहतो. त्यापेक्षा दहा-बारा माणसं नावानिशी हवीत, ज्या शहरात ट्रीटमेंट आहे त्याच शहरातली. गावाकडची मित्रमंडळी कितीही जीव लावणारी असली तरी त्यांना ब्लड बँकेपर्यंत आणेस्तोवर दिवस जातो. ऑफिसातले, सोसायटीतले, गणपती मंडळातली पोरं, मुंबई-पुण्यात शिकणारे भाचे-पुतणे, यांना एकेकाला फोन करायचा, ग्रुपवर नाही. फोन.

आणि फोनवरच हे विचारून घ्यायचं: वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, गेल्या वर्षभरात टॅटू नाही, तीन दिवसांत अॅस्पिरिन किंवा तसली पेनकिलर नाही, सध्या ताप-अँटिबायोटिक नाही. हे पास झालं तरी तिथे गेल्यावर कोपऱ्याच्या खोबणीतली शीर बघतात आणि बारीक असेल तर परत पाठवतात, चांगली धडधाकट माणसं शिरेवर नापास होतात. मग रक्ततपासणी, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, एचआयव्ही-कावीळ वगैरे रिपोर्ट यायचे, मग दीड-दोन तास मशीनवर. अर्धा दिवस जातो, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो पार्किंगमध्ये गाडी चालूच ठेवून येतो. उपाशी येऊ नये, पण वडापाव-भजी खाऊनही नको, तेलकटाने प्लाझ्मा दुधासारखा दिसतो आणि परत घरी. मशीनवर असताना ओठांभोवती मुंग्या येतात, रक्त पातळ ठेवायच्या औषधाने कॅल्शियम उतरतं म्हणून. दोन गोळ्या देतात, थांबतं. आमचा एक डोनर त्या मुंग्यांना घाबरून उठायलाच निघाला होता. जो नीट देतो तो ४८ तासांनी परत देऊ शकतो, आठवड्यात दोनदापर्यंत. अशा माणसाचं नाव यादीत गोल करून ठेवा आणि त्याला जेवायला घाला. प्रत्येकाचा ब्लड ग्रुप लिहून ठेवा, पण अगदी तोच ग्रुप हवा असं दरवेळी नसतं, ते ब्लड बँकेला ठरवू दे.

यादीत नसावं असं एक नाव म्हणजे सख्खे भाऊ-बहीण. मी पहिल्याच दिवशी बाह्या सरसावून उभा होतो. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं पेशंट कोण, म्हटलं सख्खा भाऊ, तर म्हणाल्या मग तुम्ही बाजूला बसा. मला अपमानच वाटला. पण कारण बरोबर होतं: पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, आणि त्याचंच रक्त आधी दिलेलं असेल तर पेशंटचं शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसू शकतं. शिवाय रक्ताच्या नात्यातलं रक्त चढवलं तर क्वचित, पण जिवावर बेतणारी रिअॅक्शन येते, म्हणून ते आधी इरॅडिएट करावं, म्हणजे त्यावर किरण सोडावे लागतात. तर भावाने पळापळ करावी, आत्याने डबा द्यावा, रक्त बाहेरच्याने द्यावं. आईला हे समजावताना माझा घसा सुकला, 'सख्खा असून देत नाही' एवढंच तिला दिसत होतं.

ताप. हेही लिहून भिंतीला चिकटवा: १००.४ फॅरनहाइट. काउंट कमी असताना एवढा ताप आला की लगेच हॉस्पिटल, रात्री तीन वाजले असतील तरी, आणि त्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. सकाळी बघू म्हणायचं नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, दोन घ्या, एक ऐनवेळी बंद पडतो.

केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न: पुढे मूल हवं असेल तर काय? पुरुषाचे स्पर्म फ्रीज करता येतात, बाईच्या बाबतीत एएमएलमध्ये तेवढा वेळ मिळेलच असं नाही, तरी विचारा. सासऱ्यांसमोर जीभ उचलत नाही, म्हणून कॉरिडॉरमध्ये गाठून विचारा. एकदा केमो लागली की या प्रश्नाला फारसा अर्थ राहत नाही.

पैसे: रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आजच बघा. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात, पण योजनेतल्याच हॉस्पिटलात, आणि आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) भेटून. मुंबईत टाटाला जाणार असाल तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे कागद लागतात आणि रांग असते. रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, स्लीपर आणि थ्री एसीला त्याचं तिकीट पूर्ण माफ, फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्या.

खाणं: गरम, शिजलेलं, घरचं. कोशिंबीर नाही, बाहेरची चटणी नाही, कापलेली फळं नाहीत, केळं-संत्रं सोलून. तोंड येतं, मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या गुळण्या, दुखायला लागायच्या आधीपासून. भेटायला येणारे फुलं आणतात, त्यांना दारातूनच परत पाठवायचं काम घरातल्या सगळ्यात फटकळ माणसाला द्या. आमच्याकडे ते काकूने केलं, आजही दोघे-तिघे तिच्याशी बोलत नाहीत.

डिस्चार्ज, मग घरी, मग पुन्हा. पिक लाइन फ्लश करायची (आतून धुवायची), आंघोळीला प्लास्टिक बांधायचं, सिस्टर शिकवतात. केमोच्या पुढच्या सायकली, म्हणजे फेऱ्या, बऱ्याचदा हाय डोस सायटाराबीनच्या असतात आणि त्यातही काउंट पडतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच डोनरना फोन. यादी फाडू नका. त्या डोसला डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब ठरल्या वेळी घालायचे, झोपला असेल तर उठवून. आणि डोसच्या आधी सिस्टर कधीकधी पेशंटला कागदावर सही करायला लावतात, ती मेंदूवर परिणाम होतोय का बघायला असते. सही वाकडी आली, बोलणं जड वाटलं, चालताना तोल गेला, तर राउंडची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे सांगायचं.