टेल लाइटवरचा फसलेला काळा स्प्रे कसा काढावा

दिवे काळपट दिसावेत म्हणून स्मोक स्प्रे मारताना ओघळ आले, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) उठलं किंवा एका पावसाळ्यात पोपडे सुटायला लागले, की पहिला हात थिनरच्या बाटलीकडे जातो. तिथंच थांबा. टेल लाइटची काच, म्हणजे लेन्स, ही खरी काच नसते. बहुतेक गाड्यांत ती अॅक्रिलिकची असते, काहींत पॉलिकार्बोनेटची. एनसी थिनर (रंग पातळ करायचा), पेट्रोल, अॅसिटोन (बऱ्याच नेलपेंट रिमूव्हरमध्ये तेच असतं) यांतलं काहीही लावलं तर रंग सुटतो, पण प्लास्टिकच्या आतही बारीक चिरांचं जाळं पडतं. ते कधी कधी दोन-चार दिवसांनी दिसू लागतं आणि कितीही घासलं तरी जात नाही. मग दिवाच बदलावा लागतो. ब्रेक ऑइलनं रंग उचलला जातो हे खरं, पण त्याचा थेंब बॉडीवर पडला की तिथला रंगही जातो, आणि पॉलिकार्बोनेटला ते सोसत नाही. म्हणून पाणी आणि वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पेपर) हाच भरवशाचा मार्ग. एका दिव्याला दीड-दोन तास धरून चाला.

आधी दिवा काढून घ्या. डिकीच्या आतलं कव्हर बाजूला केलं की साधारण ८ किंवा १० नंबरचे दोन-तीन नट दिसतात. काही हॅचबॅकमध्ये डिकीचं दार उघडल्यावर बाहेरूनच स्क्रू असतात. ते काढून दिवा सरळ मागे ओढा. तिरका ओढला तर बाजूच्या पिना मोडतात. बल्ब होल्डर काढून त्या भोकांवर टेप लावा, नाहीतर घासताना काळं पाणी आत जाऊन चंदेरी रिफ्लेक्टरवर बसेल आणि ते पुसायला हात पोचणार नाही. दिवा निघतच नसेल तर भोवतीच्या बॉडीवर मास्किंग टेपचे दोन थर द्या. पेपरचा एक चुकार फटकारासुद्धा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घालवतो.

सामान डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना माल देणाऱ्या दुकानात मिळतं. पॉलिश पेपर मागितलात तर सुताराचा कोरडा पेपर देतील, वॉटर पेपरच मागा. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. दोन दिव्यांसाठी १०००, १५०० आणि २००० नंबरचे दोन-दोन, ३००० चा एक, ओघळ जाड असतील तर ८०० चा एक, थोडं रबिंग कंपाऊंड (बारीक रेघा घालवणारी घासायची पेस्ट), बारीक पॉलिश आणि मऊ मायक्रोफायबर फडकी एवढं पुरतं.

स्प्रे आठवड्याच्या आतला असेल आणि मारण्याआधी दिवा घासलेला नसेल, तर अर्धं काम फुकटात होतं. कोमट पाण्यात दिवा अर्धा तास ठेवा, मग नखानं किंवा प्लास्टिकच्या जुन्या कार्डानं कडेपासून सोलत या. हेअर ड्रायर चालेल, पण हात टेकवता येईल इतपतच गरम करा. हीट गननं लेन्स वाकते.

उरलेलं घासून काढायचं. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, बादलीत भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका आणि सावलीत बसा. उन्हात घासलेल्या रंगाचा चिखल वाळतो आणि त्याचेच ओरखडे पडतात. १००० पासून सुरुवात करा. फक्त ओघळ जाड असतील तिथंच आधी ८०० फिरवा. सपाट भागावर पेपरखाली स्पंजचा तुकडा धरा, कडांवर नुसती बोटं आणि हलका हात, कारण कडेचं प्लास्टिक पटकन झिजतं. नजर पाण्यावर ठेवा. काळं पाणी येतंय तोवर रंगच निघतोय. ते पांढरट किंवा गुलाबी झालं की लेन्स लागली, तिथला हात उचला. कोरलेल्या अक्षरांत रंग अडकतो. तो जुन्या टूथब्रशवर कंपाऊंड घेऊन काढा, पेपर घालू नका.

पुढचे नंबर गाळू नका. १००० आडवा फिरवला असेल तर १५०० उभा, २००० परत आडवा, शेवटी ३०००. दर वेळी दिवा धुऊन, कोरडा करून, तिरप्या उजेडात बघा. आधीच्या दिशेच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. १००० वरून थेट कंपाऊंडवर गेलात तर घरात दिवा चकचकीत दिसतो आणि उन्हात नेला की रेघा वर येतात. कंपाऊंड हातानं लावायचं तर एका दिव्याला पंधरा मिनिटं जोर लावा. मशिन असेल तर फोम पॅड, वेग १००० ते १५०० आरपीएम, आणि एका जागी थांबायचं नाही. लेन्स बोटाला चटका देऊ लागली तर थांबून गार होऊ द्या. त्यावर बारीक पॉलिश, मग वॅक्स. टूथपेस्टनं रंग निघत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

थोडा स्मोक शिल्लक ठेवून छान दिसतंय म्हणू नका. बऱ्याच दिव्यांत लाल रिफ्लेक्टरची पट्टी लेन्सच्या आतच असते. ती झाकली की दिवे बंद करून रस्त्याकडेला उभी केलेली गाडी मागच्याला दिसतच नाही. चोर्ला घाटातलं धुकं किंवा गळीत हंगामात चिकोडी-निपाणीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगणारी रात्रीची वाहतूक आठवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे.

परत बसवताना मागची फोमची गॅस्केट फाटली असेल तर बदला. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात त्या फटीतून पाणी डिकीत उतरतं आणि होल्डर गंजतात. नट आळीपाळीनं, हातानंच आवळा; एकच बाजू पान्यानं ताणली की प्लास्टिकला चीर जाते. ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि पार्किंग चारही लावून बघा, मग पाच मिनिटं पाइपनं पाणी मारून डिकीतल्या कोपऱ्यात हात घालून ओल तपासा.