झिरो ड्रॉप शूज घेतलेत? पहिल्या काही महिन्यांत या चुका टाळा

पातळ सोलचे, झिरो ड्रॉपवाले (टाच आणि चवडा एकाच उंचीवर असणारे) शूज घेतले आणि पहिल्याच रविवारी नेहमीचे १० किलोमीटर मारले, ही माझी चूक. पळताना तर काय भारी वाटलं, पाय एकदम हलके, रस्ता तळव्याला कळतोय. सोमवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला एवढ्या पोटऱ्या आखडल्या होत्या. तरी बुधवारी परत गेले. तिसऱ्या आठवड्यात उजव्या चवड्यात, दुसऱ्या बोटाच्या मागे एक जागा अशी दुखायला लागली की हाताचं बोट टेकवलं तरी कळ डोक्यात जायची. एमआरआयमध्ये हाडाला आतून सूज दिसली आणि ६ आठवडे पळणं बंद. म्हणून हे सगळं जरा कळकळीने लिहितेय.

ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी. टाचेखाली ३४ मिलिमीटर आणि चवड्याखाली २४ असेल तर ड्रॉप १०. वर्षानुवर्षं असल्या शूजमध्ये पळालो की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस, त्या उंचीला सवकलेली असते. ड्रॉप एकदम शून्यावर आणला की प्रत्येक पावलाला तिला जास्त ताणावं लागतं. ६ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, आणि मिनिटाला १८० पावलं धरली तर एका किलोमीटरला १०८० पावलं होतात, म्हणजे एका पायाची ५४०. आता १० किलोमीटरचा हिशोब तुम्हीच करा.

सगळ्यात मोठी चूक: एका आठवड्यात शूज बदलणं

दमसास तुमच्याकडे आधीच असतो, त्यामुळे शरीर १० किलोमीटर पळू देतं, पण पायातली बारीक हाडं आणि शिरा त्या तयारीत नसतात, आणि स्नायूंपेक्षा त्या फार सावकाश तयार होतात. २०१३ च्या एका अभ्यासात रनर्सना १० आठवड्यांत पाचही बोटं वेगळी असलेल्या पातळ शूजवर आणलं होतं, हळूहळू, तरी त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. म्हणजे १० आठवडे पण खूप जणांना कमी पडतात हो!

मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती अशी. आठवड्यातून दोनदा, पाय ताजे असताना पहिला १ किलोमीटर नवीन शूजमध्ये, मग पार्किंगला येऊन जुने शूज घालायचे आणि बाकीचं त्यात. दर आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढ, आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच किंवा पोटरी ओढली तर त्या आठवड्यात वाढ नाही. सोबत जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा वर-खाली, आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून. घरात अनवाणी फिरणं पण धरा यात. मला पूर्ण बदलायला ७ महिने लागले, आणि लाँग रन मी अजूनही ४ ड्रॉपच्या शूजमध्येच करते.

मुद्दाम चवड्यावर पळणं

२०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात केनियातले अनवाणी वाढलेले धावपटू बऱ्याचदा चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात आणि त्यांना टाचेवर उतरल्यावर बसतो तसा झटका बसत नाही असं दाखवलं होतं. लोकांनी त्यातून एवढंच उचललं की टाच टेकवायची नाही. मग टाच हवेत धरून मांजरीसारखं पळायचं, आणि गुडघ्याचा भार सगळा पोटरी-अकिलीसवर. भार कुठे गायब होत नाही, फक्त जागा बदलतो. जपानमध्ये सप्पोरोच्या हाफ मॅरेथॉनला १५ किलोमीटरच्या खुणेवर रनर्सचं शूटिंग केलं होतं, तिथे चांगल्या चांगल्या रनर्सपैकी साधारण ७५ टक्के टाचेवरच उतरत होते.

बघायचं ते हे की पाय शरीराच्या किती पुढे पडतोय. मित्राला बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा आणि पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी पॉज करा. गुडघा सरळ काठीसारखा आणि पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे दिसलं तर ढांग लांब पडतेय. मग मिनिटाला १८० पावलांच्या मागे लागू नका, तो आकडा रनिंग कोच जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रेसमधले एलिट रनर्स मोजून काढलेला आहे, आपल्या सकाळच्या जॉगसाठी नाही. स्वतःची पावलं मिनिटभर मोजा, १६० आली तर फोनवर मेट्रोनोम (ठरलेल्या तालात टिकटिक करणारं ॲप) १६८ ला लावा, बास. पावलं ५ ते १० टक्के जलद टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे लॅबमध्ये मोजलेलं आहे.

साइज आणि टो बॉक्स (शूजमधली बोटांची जागा)

संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारा. मग शूजमधली इनसोल काढून त्या आकृतीवर ठेवा. करंगळीकडे किंवा अंगठ्याकडे रेघ इनसोलच्या बाहेर गेली म्हणजे बोटं तेवढी आत दाबली जाणार, आणि दाबलेल्या अंगठ्याने मागे रेटता येत नाही. पुढे हाताच्या अंगठ्याएवढी रुंद जागा मोकळी हवीच. उतारावर नखं काळी पडतात ती बऱ्याचदा शूज छोटा असतो म्हणून, किंवा लेस घोट्याजवळ सैल असते आणि पाय पुढे घसरतो.

दुकानात तळव्याची कमान बघून शूज ठरवतात त्यावर फार विसंबू नका, अमेरिकन सैन्याने हजारो भरती जवानांवर हे करून पाहिलं आणि दुखापती काही कमी झाल्या नाहीत. घालून १० मिनिटं दुकानाबाहेर पळू देतात का विचारा.

आणि अनवाणीच खरं असा हट्ट पण नको. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला हे सगळे सांगतात, पण १९६४ ला टोकियोत तो शूज घालून पळाला, परत जिंकला, आणि ३ मिनिटांहून जास्त फास्ट.

दुखलं तर

दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड झाल्या आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या तर चालतं, फक्त आठवड्याचे किलोमीटर कमी करा. अकिलीस सकाळी कडक वाटते, चिमटीत धरली तर दुखते, मग झिरो ड्रॉप बाजूला आणि काही आठवडे जुने शूज. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर त्याच दिवशी पळणं थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे जा. सुरुवातीच्या एक्सरेत हाडाची अशी दुखापत बऱ्याचदा दिसत नाही, माझ्याही दिसलं नव्हतं, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून परत पळायला लागू नका.